थांबणाऱ्या पोरांची चाचणी

कमळाकरमास्तर जागेपणी स्वप्नं बघत. रोह्याच्या अध्यापक विद्यालयात शिकवता शिकवता मधेच खिडकीबाहेर कुंडलिकेच्या पाण्याकडे बघत राहायचे. विद्यार्थी म्हणत, गुरुजी गेले! गुरुजी जात ते त्यांच्या बुद्धिमापन चाचणीत. साठ-पासष्टचा काळ. शाळांतल्या चाचण्या परदेशी पोरांसाठी बेतलेल्या; त्यांत बर्फावरून घसरणारी गाडी ओळखायची! मास्तरांना कोकणातल्या पोरांसाठी आपली चाचणी करायची होती. ती छापली जाईल, गावोगावची हुशारी उजेडात येईल, आणि आपल्या नावाआधी डॉक्टर लागेल. यातलं शेवटचं स्वप्न जरा जास्तच गोड होतं.

नागोठण्यापासून कोलाडपर्यंत चाचणी झकास चालली. काही पोरं पुढे, काही मागे, बरीचशी मधे. आलेख काढला की कागदावर डोंगर उभा राही, आणि मास्तर त्याच्याकडे बघत हरवून जात.

पेणजवळच्या खाडीकाठच्या शाळेत मात्र घोडं अडलं. सगळी मिठागरात राबणाऱ्यांची पोरं. वेळ संपली तेव्हा सगळी एकाच पानावर, गुण कमी आणि जवळजवळ सारखे. डोंगर नाहीच, नुसतं सपाट.

"कॉपी केली असेल, नाहीतर मंद असतील," मुंबईचे मार्गदर्शक म्हणाले. "ही शाळा गाळा, मी प्रबंधावर सही करतो."

मास्तरांना ते पटेना. ते पुन्हा पेणला गेले. शाळेत जाण्याआधी मिठागराच्या बांधावर टेकले. पांढरा झगझगाट, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं कळेना. त्यांना तंद्री लागली. समोर बायका टोपल्यांत मीठ भरत होत्या. ज्यांच्या भरल्या त्या नुसत्या उभ्या. एक म्हातारी मागे राहिली होती. तिचं होईपर्यंत कोणी टोपलीला हात लावेना. सगळ्याजणी निघून गेल्या तर तिच्या डोक्यावर ओझं कोण चढवणार?

मास्तर खडबडून जागे झाले. वर्गात हेच घडलं होतं! झालेली पोरं पेन्सिल खाली ठेवून शेजाऱ्यासाठी थांबत होती. मास्तर बसले होते घड्याळात डोकं घालून.

वर्गात गेल्यावर त्यांनी बजावलं, "कोणासाठी थांबायचं नाही. झालं की पान उलटा."

पुतळी नावाच्या पोरीनं भराभर सोडवलं, पान उलटलं. मग शेजारच्या रघूकडे पाहिलं आणि उलटलेलं पान हळूच मागे घेतलं.

"पुढे जा गो," मास्तर म्हणाले.

"रघूचं नाय झालं अजून, गुरुजी."

घड्याळ चालू होतं. एकदा दटावलं असतं तर पुतळी गेली असती पुढे. तिचे गुण वर, रघूचे खाली, डोंगर तयार, सही झालीच म्हणून समजा. मास्तरांनी तोंड उघडलं, पण जीभ रेटेना.

प्रबंधात ती शाळा त्यांनी तशीच ठेवली. सही झाली नाही, चाचणी छापली गेली नाही, निवृत्तीपर्यंत मास्तर नुसते मास्तरच राहिले. त्याचं त्यांना दुःख झालं, पुष्कळ झालं. खोटं कशाला सांगा?

पण त्या दिवशी रघूनं एकदाचं शेवटचं चित्र पुरं केलं, मान वर केली, आणि अख्खा वर्ग मिळून पुढच्या पानावर गेला, तेव्हा मास्तर पोरांकडे पाठ करून फळा पुसू लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.