बापाची फळी, दादाची करवत

आमच्या शेजारच्या टेलरमास्तरांची दोन बोटं करवतीत गेली, ही बातमी गुरुवारी सकाळी साडेदहाला गल्लीत सुटली आणि अकरापर्यंत दोनाची चार झाली. दूधवाल्याने तर अख्खा पंजाच गेल्याचं जाहीर केलं. खरं सांगायचं तर मास्तरांची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. तुटून उडालं होतं ते करवतीचं पातं. आवाज बंदुकीसारखा झाला, वहिनी हातात लाल फडकं घेऊन दाराशी धावल्या, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एका सभ्य गृहस्थाने लाल रंग पाहून पुढचं मनानेच जोडलं. गृहस्थ कोण ते विचारू नका. तो हे लिहितो आहे.

मास्तरांनी अडतीस वर्षं पँटी शिवल्या. डोळे दमले तेव्हा दुकान बंद केलं आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत एक जुनी बँडसॉ आणून उभी केली. कपाटाएवढी उंच करवत. आत एकावर एक दोन चाकं, चाकांना रबराची धाव, आणि त्यांच्यावरून गरगरणारं दातेरी, अखंड पातं. मधल्या लोखंडी टेबलावर लाकूड ठेवायचं आणि पुढे सरकवायचं. "ही आपल्या शिलाई मशीनची थोरली जाऊ," असं मास्तर कौतुकाने म्हणत. पहिलं स्टूल त्यांनी मला भेट दिलं. त्यावर बसलं की माणूस आपोआप नम्र होतो, कारण ते पुढे झुकतं.

स्टुलांपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. मग फळी आली.

ती मास्तरांच्या वडिलांची इस्त्रीची फळी. पाच फूट लांब, नऊ इंच रुंद, अडीच इंच जाड. एका अंगाला इस्त्रीने भाजल्याचा तांबूस डाग. वडील त्या फळीवर पँटींना कडक घडी पाडत, त्यांच्यानंतर दोघे भाऊ. आता धाकटा पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान उघडणार होता आणि त्याला फळी हवी होती. मास्तरांनाही हवी होती. मधोमध कापून अर्धी अर्धी घ्या, असा सल्ला गल्लीतल्या शहाण्यांनी दिला. शहाण्यांत मीही होतो.

धाकटा उसळला, "अडीच फुटांत पँटीचा पाय मावतो का? आम्ही काय चड्ड्याच शिवायच्या?"

त्यानंतर दोघे भाऊ सहा महिने एकमेकांशी बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते वहिनींमार्फत. शेवटी धाकट्याचं दुकान येत्या सोमवारवर आलं, तेव्हा मास्तरांनी तोड काढली: फळी जाडीत चिरायची. पुस्तक उघडावं तशा एकीच्या दोन, दोघांना पूर्ण लांबी. धाकट्याचा उलट निरोप आला, "गिरणीत द्या म्हणावं. दादा हात लावेल तर सरपण होईल."

"बापाच्या फळीला परक्याचं पातं लागणार नाही," मास्तर म्हणाले. "रविवारी दहाला ये म्हणावं, तुझी फळी घेऊन जा."

फळी एकच होती. पातं आत कुठे भरकटलं तर एक बाजू पत्र्यासारखी पातळ होणार, आणि लाकडाला रफू करता येत नाही. हे मास्तरांना माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, आणि भिंतीला कान लावून मलाही माहीत झालं होतं. अशात गुरुवारी पातं उडालं.

शुक्रवारी नवं पातं चढवलं. करवत सुरू केली, पातं चाकावर हळूहळू पुढे सरकत आलं आणि मास्तरांनी बटण दाबेपर्यंत निसटलं. ताण वाढवला. पुन्हा निसटलं. वरच्या चाकाचा कल बदलला. तिसऱ्यांदा तेच. मास्तरांची बंडी घामाने पाठीला चिकटली होती आणि मी दारातून काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडून परत मिटलं.

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "तुम्ही तिला रोज संध्याकाळी काय पाजता?"

"तेल. कुठल्याही यंत्राला लागतंच."

"कुठे कुठे?"

"जिथे जिथे फिरतं तिथे. चाकांनाही, दोन-दोन थेंब."

"पायमशीनच्या पट्ट्याला कधी तेल घातलंत?"

अडतीस वर्षं मास्तरांनी पट्टा घसरू नये म्हणून त्याला खडू चोळला होता, आणि इथे रबरावरून पातं चालतं तर त्याला तेल पाजत होते. त्यांनी चाकावरून बोट फिरवलं. बोट चकाकलं. मग साबणाचं पाणी, कोरडं फडकं, पुन्हा साबणाचं पाणी. पातंही पुसून घेतलं. संध्याकाळी करवत पंधरा मिनिटं चालली आणि पातं जागचं हललं नाही. त्या दिवशी तेलाची कुपी वहिनींनी जप्त केली.

शनिवारी नवंच दुखणं. पातं जागेवर, पण चिरा वाकडा. कडेची लोखंडी पट्टी लावून फळकूट अगदी सरळ ढकललं तरी पातं डावीकडे शिरे. एक फळकूट वाया, दुसरं वाया, पाचवं वाया. मी हिशेब ठेवत होतो, पण मोठ्याने नाही.

"जोर कमी करा ना," मी न राहवून म्हणालो.

"तुम्ही स्टूल घेऊन बसा."

"बसलोच असतो, पण मग नमस्कार घडतो."

त्यांना हसू आलं नाही, तेव्हा मला परिस्थितीचा अंदाज आला. सहाव्या फळकुटावर मास्तरांनी पट्टी काढूनच टाकली. पेन्सिलची रेघ मारली आणि कापड सरकवावं तसं दोन्ही तळव्यांनी, बेताने, रेघेवर लाकूड चालवलं. रेघ धरून राहायला लाकूड थोडं तिरकं धरावं लागत होतं. मास्तर थांबले, लाकूड तसंच धरून वाकून पाहिलं.

"हिचा उरेब आहे!" ते ओरडले. "कापड उरेब, तिरकं जातं ना, तशी ही जाते. तिला सरळ करायचं नाही, आपण तिच्या बाजूने जायचं."

कडेची पट्टी त्या तिरक्या कोनात घट्ट बसवली. सातवं फळकूट दोरीसारखं सरळ चिरलं गेलं. मग त्यांनी दुकानातलं टाचण्या वेचायचं लोहचुंबक काढलं आणि बापाच्या फळीवरून फिरवलं. वरच्या अंगाला दोन मोडक्या टाचण्या सापडल्या, उलट्या अंगाला एक. तिन्ही पकडीने उपटल्या. तयारी पुरी.

रविवारी धाकटा दहाला दहा कमी असताना आला. चहा नको म्हणाला. हाताची घडी घालून भिंतीशी उभा राहिला, जणू पंचनाम्याला आलाय. मास्तरांनी फळी कडेवर उभी केली, पट्टीला टेकवली, श्वास घेतला आणि बटण दाबलं.

पातं लाकडात शिरलं तसा आवाज खाली उतरला. भुसा टेबलावर साचू लागला. एक वीत. एक फूट. फळीचं पुढचं टोक टेबलाबाहेर आलं आणि किंचित लवू लागलं. तिकडून कोणीतरी धरायला हवं होतं. मी पुढे झालो. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे गेलो. धाकट्याने घडी सोडली, वळसा घालून गेला आणि दोन्ही हातांनी टोक झेललं. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

दीड फूट. दोन फूट. चिरा रेघेवर. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे संध्याकाळपर्यंत वळ होते. धाकट्याचा उजवा हात फळीच्या खालच्या कडेला होता आणि तो कडेवरून नकळत मागे मागे सरकत होता, काहीतरी चाचपत.

"दादा, थांब!" तो किंचाळला. "कात्रीचा खिळा!"

मास्तरांनी बटण दाबलं. पण बटण दाबल्यावर करवत लगेच थांबत नाही, चाकं आपल्या मर्जीने थांबतात. तेवढा वेळ मास्तरांनी फळी दोन्ही हातांनी अशी धरली की ती सुतभर पुढे गेली नाही. चाकं थांबली. मग प्लग काढला, फळी हळूच मागे ओढून उलटी केली. खालच्या कडेवर, बरोबर जाडीच्या मध्यावर, मेणाने बुजलेला काळा ठिपका. चिरा त्याच्यापासून बोटभर लांब.

वडील तिथे कात्री टांगत. दिवस संपताना ती जागेवर अडकवायचं काम घरातल्या शेंडेफळाचं. खिळ्याचं डोकं केव्हाच तुटलं होतं, धड आत राहिलं होतं. थोरल्याने कात्री कधी टांगलीच नव्हती, त्याला कसं आठवणार?

"मी चुंबक फिरवलं होतं," मास्तर म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."

"दादा, कापडाला दोन बाजू असतात. लाकडाला कडाही असतात."

मास्तरांनी मान हलवली. एकाने फळी दाबून धरली, दुसऱ्याने पकड घेतली, आणि तो गंजका तुकडा अर्ध्या तासाने, शिव्या खात, बाहेर आला. उरलेला चिरा कापताना शेवटच्या वितीला मास्तरांची बोटं सवयीने पात्याकडे सरकली, तेव्हा धाकट्याने न बोलता एक दांडकं पुढे केलं. मास्तरांनी त्याने फळी ढकलली. फळीच्या दोन झाल्या. मापाच्या फितीने जाडी पाहिली. फरक एका दोऱ्याचा. डाग असलेली धाकट्याने खांद्यावर घेतली आणि मास्तरांनी हरकत घेतली नाही.

तो गेल्यावर मी नेहमीच्या कामाला लागलो. "काय मास्तर, सहा महिन्यांनी भाऊ भावाशी बोलला तर! कळवू का गल्लीत?"

मास्तर बंडीवरचा भुसा झटकत होते. म्हणाले, "बोललो कुठे? तो ओरडला, मी यंत्र थांबवलं. याला बोलणं नाही म्हणत, काम म्हणतात."