नव्या आवृत्तीतली मुकी बटणं

मंगळवार पेठेतल्या रूपाली कांबळेचे वडील अण्णासो जन्मापासून आंधळे. एका खासगी दवाखान्यात ते पेशंटना डॉक्टरांच्या वेळा नोंदवून द्यायचे. दवाखान्याचा कॉम्प्युटर प्रोग्राम ज्यावर चालायचा, तो पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणं बनवायचा, कुणालाही फुकट वापरता येणारा कोडचा संच रूपालीच्या ओळखीच्या उन्मेषने सुरू केलेला. त्यातलं प्रत्येक बटण आपलं नाव मोठ्याने सांगेल, असा भाग रूपालीने तीन वर्षं खपून लिहिला होता, फुकट.

नव्या आवृत्तीत उन्मेषला लायसन, म्हणजे संच वापरायच्या अटी, बदलायच्या होत्या; त्याला कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची सही लागत होती.

"आता कंपन्यांना हा कोड कुलूपबंद करून विकता येईल. सगळ्यांनी सह्या केल्यात. तू तेवढी राहिलीस."

"सगळ्यांसाठी लिहिलंय मी. न्हाय करणार."

"बरं," तो म्हणाला. भांडला नाही.

महिन्याने नवी आवृत्ती आली. सही नाही म्हणून रूपालीचा भाग त्याने काढून टाकला होता. दवाखान्याने ती बसवली त्या सकाळी अण्णासो बटणामागून बटण दाबत राहिले, पण आवाजच येईना. समोर पेशंट ओरडायला लागले. आठवड्यात दवाखान्याने अण्णासोंना कामावरून काढून घरी बसवलं.

रूपाली धावत उन्मेषकडे गेली. "घे सही. माझं काम परत घाल."

"कोड विकत घेणाऱ्या कंपनीनं विचारलं, आंधळे किती वापरतात?" तो मान वर न करता म्हणाला. "मी म्हटलं, मला एकच माहीत आहे. कंपनीला तुझा भाग नकोय."

घरी तिने सगळं सांगितल्यावर अण्णासोंनी विचारलं, "सही केली असतीस तर माझं काम ऱ्हायलं असतं?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "व्हय."

त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही.