देवक बसाच्या आधीच्या तिसऱ्या

माही सासू मैनाबाई, मी तिले आत्याबाई म्हनते, अकोल्याच्या जुन्या शहरात तीस वर्षांपासून भाजी विकते. मेथी कढईत पडली की दोन मिनिटांत खाली. "भाजी जास्त शिजवली का तिची चव जाते," हे तिचं ठरलेलं. तिच्यापुढं बोलाची कोनाची टाप नाही. मी तर दर्यापूरहून आलेली सून.

माह्या नणदेचं, आरतीचं, लग्न रविवारी. तीनशे पानांची मुळ्याची कोशिंबीर आत्याबाई आपल्या हातानं कालवनार, हे सोयरीक जुळली तवाच ठरलं होतं. गल्लीतल्या सगळ्या लग्नांत तीच कालवते, मंग पोटच्या पोरीच्या लग्नात दुसरं कोन?

गुरुवारी माहा दीर किशोर रत्नागिरीहून आला, तिथं नोकरीले हाये. संगं बर्फाच्या डब्यात तिसऱ्या, म्हंजे समुद्राचे शिंपले. शुक्रवारी देवक बसनार, मंग घरात मटन-मच्छी बंद. "आजच आटपा!" आत्याबाई म्हणे. शिंपल्यांनी तोंड उघडलं न उघडलं, तिनं चुलीवरचा गंज खाली उतरवला.

"आई, अजून शिजू दे ना."

"तू मले शिकवून राहिला का रे? रबर कराचं हाये का त्याचं?"

मले अन् आरतीले वासच सहन होईना. मायलेकांनी मिटक्या मारत सगळं संपवलं.

शुक्रवारी दुपारी दोघंही आडवे! उलट्या, जुलाब, अन् घरात संडास एकच. किशोर बाहेरून दार बडवून राहिला, आतून आत्याबाई शिव्या देऊन राहिली. लग्नघर अन् हा तमाशा! मले राग भल्ला आला, पन हसूही आवरेना.

डॉक्टरनं सगळं इचारलं. "घान पान्यातल्या शिंपल्यात व्हायरस राहते, तो अर्ध्या वाफेनं मरत नाही. उलट्या-जुलाब थांबले तरी अजून दोन दिवस दुसऱ्याच्या खान्याले हात लावाचा नाही."

"रविवारी पोरीचं लग्न हाये, साहेब."

"मंग तीनशे पाहुने इथंच आना."

शनिवारी दुपारी जुलाब थांबले. रविवारी आत्याबाई नवं लुगडं नेसून थेट मुळ्याच्या परातीपाशी आली. परातीकडं पाहत उभी राहिली, मंग म्हणे, "तूच कालव." अन् दूर खुर्चीवर जाऊन बसली. लग्नाले आठ वर्षं झाली, तिनं माह्या हाती कधी काही सोडलं नव्हतं. खुश व्हावं का रडावं, मले समजेना.

सासरी निघाच्या आधी आरती ताट घेऊन तिच्यापुढं आली. "आई, तुह्या हातचा एक घास."

आत्याबाईनं दोन्ही हात पदरात घेतले. "नाही वं माय. आज नाही."

बाया कुजबुजून राहिल्या, "कशी माय हाये बापा!"

मंग आरतीनंच कोशिंबिरीचा घास केला अन् आईच्या तोंडात घातला. आत्याबाईच्या डोळ्यांतून धारा. चावता चावता ती माह्याकडं वळली.

"मीठ कमी पडलं वं."