ताईनं विचारलं तेव्हा

मंगळवारी ताई वारली. ट्रक चालवताना ती पांघरायची ती शाल आज उलगडली, तर डिझेलचा वास आला आणि बारा वर्षांपूर्वीचा, हायवेवरच्या जाम गावातला चौक आठवला. हैदराबादला माल घेऊन निघालेल्या ताईला मी बाबांचा निरोप सांगत होतो: ट्रक सोड, घरी ये. ती लोखंडी दांड्यानं एकेक टायर ठोकून आवाजावरून हवा तपासत होती.

“बाबाचं समजलं. तुले काय वाटते, मास्तर?”

मी रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघू लागलो.

“तुह्या पुस्तकात नाई वाटते हे,” म्हणून ती हसली, पण दांडा हातात धरून थोडा वेळ थांबली. मग केबिनमध्ये चढली.

तेव्हा मला तिची लाज वाटत होती की अभिमान, कळत नव्हतं. आजही कळत नाही. ती थांबली होती आणि मी बोललो नाही, एवढंच आता उरलं आहे.