व्हर्ना कोविचचा उतावळा हात

व्हर्ना कोविच पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती भांडायलाच. पुलाशेजारी माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे आणि दाराबाहेर एक फळा. त्यावर मी रोज सकाळी खडूने कलासेट नदीची खबर लिहितो: पाणी किती फूट, रंग कसा, गार किती. त्या दिवशी लिहिलं होतं, "साडेचार फूट, हिरवं, उत्तम." संध्याकाळी ही बाई दारात उभी. बुटांतून पाणी निथळतंय आणि डोळ्यांतून राग.

"हॉलिस तूच ना? उत्तम म्हणे! सकाळपासून उभी आहे. एक मासा नाही!"

"बाई, मी नदीबद्दल लिहितो. माशांची हमी देत नाही."

"मग दुकान कशाला थाटलंस? हवामान खात्यात जा."

मला ती तिथल्या तिथे आवडली. हे मी पुढे तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच.

ती मोंटानातल्या ब्यूट गावची. तीस वर्षं इस्पितळाच्या अपघात विभागात नर्स. नवरा मायलो दर मार्चमध्ये तिला मागे ठेवून दहा दिवस आमच्या नदीवर यायचा. पंधरा वर्षं मी त्याला कॉफी पाजली. गप्प माणूस. निवृत्त झाल्यावर दोघांनी इथेच घर घेतलं, आणि पहिल्याच पानगळीत मायलो हृदयविकाराने गेला. बहिणीने व्हर्नाला लगेच आपल्याकडे, मिझुला गावी बोलावलं. व्हर्नाने कळवलं, इथला एक स्टीलहेड मासा धरते, मग येते.

"माझ्यापेक्षा त्या माशात असं काय होतं, ते एकदा बघायचंय मला," ती म्हणाली. "बघितलं की घर विकते आणि निघते."

हा एक मासा तीन हिवाळे लांबला, त्याला कारण तिचा हात. गावाकडचे ट्राउट मासे धरण्यात ती पटाईत. ट्राउटने गळावर बांधलेल्या पिसांच्या नकली माशीला तोंड लावलं रे लावलं की काठी उचलावी लागते, नाहीतर तो थुंकून मोकळा. स्टीलहेडचं उलटं. समुद्रातून ताकद कमावून आलेला हा मासा माशी तोंडात धरतो आणि वळतो. तो वळेपर्यंत आपण काही म्हणजे काही करायचं नाही. बोटाशी धरलेली हातभर दोरी सुटू द्यायची, की गळ आपसूक त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. आधी काठी उचलली, तर तोंडाशी आलेला घास गेला. व्हर्नाचा सात वेळा गेला.

"अगं, काही करू नकोस!" मी मागून ओरडायचो.

"काही न करणं मला कुणी शिकवलेलंच नाही! इस्पितळात अशी उभी राहिले असते तर अर्धं ब्यूट मेलं असतं!"

जित्याची खोड! पण त्याच हातामुळे गावाने तिला आपलंसं केलं. कुणाच्या अंगठ्यात गळ रुतला की तो दवाखान्यात न जाता व्हर्नाला शोधायचा. ती गळाला दोरा अडकवायची, "पोरंबाळं किती?" असं विचारायची, आणि गडी उत्तर देईपर्यंत एका हिसक्यात गळ बाहेर. मग वर शिव्या. गेल्या हिवाळ्यात तिने माझ्या दुकानात असे एकोणीस अंगठे सोडवले, आणि ओरडणाऱ्यांना स्वतःच्या हातची, रानातल्या हकलबेरी भरलेली गोड पाई खायला घातली.

आता कबूल करतो. तिच्या माशीवरून मासा सुटला की मी चुकचुकायचो, आणि आतून मला बरं वाटायचं. मासा नाही म्हणजे आणखी एक हिवाळा ती इथे. शिकवताना मी कधी खोटं बोललो नाही, पण देवापुढे माझी काही सज्जनांत गणना होणार नाही.

यंदा मार्चमध्ये दहा दिवस पाऊस कोसळला. नदी नऊ फुटांवर, रंग कोकोसारखा, ओंडके वाहतायत. ३१ तारखेला मासेमारीचा हंगाम बंद होणार होता. व्हर्ना रोज येऊन फळा वाचायची आणि मलाच झापायची, जणू नळ मी सोडला होता. मग २९ तारखेला कडाक्याची थंडी पडली. वर डोंगरात पावसाचा बर्फ झाला आणि पाणी भराभर उतरलं.

३१ला सकाळी मी पुलावरून खाली पाहिलं. पाच फूट. हिरवं, तळाचे गोटे अंधुक दिसतील इतकं. असं पाणी वर्षातून चार दिवस मिळतं. मी खडू उचलला आणि हात तिथेच थांबला. "अजून गढूळ" एवढे दोनच शब्द लिहायचे होते. व्हर्ना घरी बसली असती, हंगाम संपला असता. बत्तीस वर्षांत त्या फळ्यावर मी खोटं लिहिलेलं नाही. मी स्वतःवर चरफडत खरं लिहिलं आणि तिला फोन केला.

"पाणी हिरवं झालंय."

"मग आवाज असा का? कुणी मेलं का?"

"कुणी नाही. लवकर ये."

आमच्याकडे डोहात उतरण्याची रीत आहे. वरच्या टोकाला सुरुवात करायची, एकदा दोरी फेकली की एक पाऊल खाली सरकायचं, आणि दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. व्हर्ना पुढे, तिच्यामागे तीस पावलांवर मी. अर्धा डोह संपला. तिची दोरी प्रवाहात वळत आली आणि मध्येच थबकली. तिचा खांदा ताठ झालेला मला मागून दिसला. खरं सांगतो, या वेळी मी ओरडलो नाही.

तिचे ओठ हलत होते. हात उठला नाही. बोटातली दोरी सरकली, मग काठीची चरखी किंचाळली आणि डोहाच्या पार टोकाला मासा पाण्याबाहेर उसळला.

वीस मिनिटं लागली. मादी होती, हातभर लांब, चंदेरी. शेपटीजवळचा छोटा पर शाबूत, म्हणजे नदीतच जन्मलेली; हौदात वाढवून सोडलेल्या माशांचा तो कापतात. अशा मासळीला सोडूनच द्यायचं, असा नियम. व्हर्ना गुडघाभर पाण्यात वाकली, शेपूट धरून तिचं तोंड प्रवाहाकडे केलं. मासळीने दोनदा दम घेतला आणि हातातून निघून गेली.

व्हर्ना तशीच वाकून राहिली. मी जवळ जाऊन विचारलं.

"उचललास कसा नाही हात?"

"मायलोचं नाव घेत होते. मायलो अँटन कोविच. लग्नात घेतलं होतं तसं, पूर्ण, सावकाश. ते संपेपर्यंत हात उचलायचा नाही, असं ठरवलं होतं." ती ताठ झाली. डोळे भरून वाहत होते. "आणि त्या मेल्याने मला एकदासुद्धा सोबत आणलं नाही! पंधरा वर्षं, हॉलिस! हे असं असतं, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही!"

ती रडत होती आणि त्याला शिव्या घालत होती. मी काठी बगलेत धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने बाहीने नाक पुसलं.

"नदी परत कधी उघडते?"

"एक डिसेंबरला."

"मग जळणाचं लाकूड आत्ताच घ्यायला हवं. उशिरा घेतलं तर हिवाळ्यात ओलंच जळतं. चांगलं कोण देतं इथे?"

मी नाव सांगितलं. फोन नंबर सांगितला. उतरवून, रचून मीच देतो, असंही सांगून टाकलं.

"दोन ट्रक सांग," ती म्हणाली. "एक पुरत नाही."