सतरंजी खिडकीकडे का सरकते

माझं लग्न झालेलं नाही याचं आईला दुःख होतंच. त्याहून मोठं दुःख म्हणजे मी काय करते ते तिला चारचौघांत सांगता येत नसे. "चुंबकाचं करते काहीतरी," एवढंच ती म्हणायची. परिणामी आमच्या पनवेलच्या सोसायटीत ज्याचे गुडघे दुखत, तो मला चुंबकाच्या पट्ट्याबद्दल विचारी. मला राग यायचा. खरं तर रडू यायचं. इतकी वर्षं घासून आईच्या लेखी मी पट्टे विकणारी!

आई मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप चालवते. लोकांच्या सुनांना हौसेने नाचवते आणि घरी येऊन माझ्याकडे बघून उसासा टाकते. त्या श्रावणात तिने नवा खेळ बसवला. बायका सतरंजीवर एका रांगेत, प्रत्येकीने शेजारणीपेक्षा थोडं जास्त वळून पाय घासायचा. सोसायटीच्या हॉलमधल्या गुळगुळीत लाद्यांवर ती सतरंजी दर वेळी खिडकीकडे सरके.

"कोण ढकलतंय?" आई कडाडली.

"काकू, आमी नाय सरकवली," जवळच्या कोन गावाहून येणारी एक बाई म्हणाली. "ती आपली आपण चाललीय."

मी आईला चहा द्यायला गेले होते. राहवलं नाही. "एकाआड एक उलट तोंडाने उभ्या कर बघू."

सतरंजी जागची हलली नाही. एकीचा रेटा दुसरीने खाल्ला. मग पुन्हा वळती रांग लावली, पण उलट्या दिशेने. सतरंजी खिडकीसमोरच्या भिंतीकडे निघाली.

"मी प्रयोगशाळेत ज्या स्फटिकावर संशोधन करते ना, त्यात हेच होतं," मी म्हणाले. "अणू म्हणजे बारकी चुंबकं. कडाक्याच्या थंडीत ती अशी एकापुढे एक वळत जातात, आणि त्यामुळे विद्युतभार जरासे एका बाजूला सरकतात. एक कड धन, दुसरी ऋण. बॅटरी नाही, काही नाही. वळण उलटलं की कडाही उलटतात."

"मग झालं तुझं काम?"

"भार एका बाजूला सरकलेले दिसलेत. उलट सरकताना दिसल्याशिवाय कोणी खरं धरणार नाही."

आईने चहा संपवला आणि सतरंजी गुंडाळून ठेवायला लावली.

मंगळागौरीच्या दिवशी नटूनथटून आलेल्या एका मावशींनी नेहमीचं विचारलं, "तुमच्या मुलीचं कधी?" मी सवयीने स्वयंपाकघराकडे निघाले.

"आधी तिची सतरंजी उलट सरकू दे," मागून आईचा आवाज आला. "मग बघू."

मावशी बिचाऱ्या पायाखाली बघायला लागल्या.