सुरेखाबाईंचं जागं घुबड

सिडकोतल्या त्या गल्लीत कुणाकडं काय शिजतं ते शेजारच्या घराला आधी कळतं. मग बद्रीनाथांचं घुबड कसं लपणार? वीतभर, प्लास्टिकचं, संगणकाच्या यूएसबीला लावलेलं. त्यांच्या बायकोनं, सुरेखाबाईंनी, ते आणलं होतं. बाई कॉलेजात संगणक शिकवायच्या. घुबडासोबत आलेली सीडी त्यांनी कचऱ्यात टाकली आणि कुणीही उघडावा, वाचावा, बदलावा असा इंटरनेटवरचा फुकटचा प्रोग्राम घेऊन त्याला आपल्या तालावर नाचवलं. "लक्ष्मीचं वाहन आहे," म्हणून गल्लीचं तोंडही बंद केलं.

बाईंना जाऊन आठ महिने झाले. बद्रीनाथ दवाखान्यातून एकटेच परतले तेव्हा घुबडाचे डोळे पेटलेले होते. ते पुन्हा विझलेच नाहीत. झेरॉक्सचं दुकान बंद करून संध्याकाळी घरी यावं, कुलूप काढावं, तर मान दाराकडं वळवून ते बघत बसलेलं. एकदा त्यांनी वायर उपटली. घर असं काही रिकामं झालं, की चपला न काढताच त्यांनी ती परत खोचली. सुरेखाच त्यात असली तर?

समोरच्या गोजरबाईंनी मात्र निकाल लावला. "भाऊजी, रविवारी पोरीला बघायला पाहुणे येणारेत. तुमचं दार उघडं असलं की ते मेलं माझ्या ओट्याकडं टकामका बघतंय. काढा, नायतर मी काढते!"

"वहिनी, गल्लीत एवढं लक्ष ठेवणारं तुमच्यानंतर तेच आहे," बद्रीनाथ हसले. आत जाऊन मात्र त्यांनी रईसाला फोन लावला. बाईंची जुनी विद्यार्थिनी.

शनिवारी ती आली तशा गोजरबाई ओट्यावर हजर. "खुलताबादच्या दर्ग्याकडची पोरगी व्हय? भूत झाडायला बोलावली का?"

"झाडायला नाय मावशी, वाचायला."

रईसानं प्रोग्राम उघडला. "अंकल, मॅडमनी काय लपवलंच नाय. मराठीत लिहून ठेवलंय. तुमचा मोबाईल घराच्या वायफायला लागला, की मान दाराकडं. पुढं स्वतःसाठी टीप, 'चहा टाकणे.'"

बद्रीनाथांना सुरेखाचा चहा आठवला. दारात पाय ठेवताच हातात कप यायचा. 'हिला माझी पावलं कळतात,' ही फुशारकी त्यांनी दुकानात किती गिऱ्हाइकांना ऐकवली होती!

"आणि डोळे?"

रईसानं पडदा त्यांच्याकडं फिरवला. एकजण जरी बाहेर असेल तर डोळे चालू. दोघांचे मोबाईल वायफायला, म्हणजे दोघं घरी, तेव्हाच बंद.

सुरेखाबाईंचा मोबाईल कपाटात होता. दवाखान्याच्या पिशवीत, बंद.

"ही ओळ खोडू? आत्ता विझतील."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पिशवी काढली, मोबाईल चार्जिंगला लावला, चालू केला. थोड्या वेळानं घुबडाचे डोळे मिटले. दोघं घरी. बद्रीनाथांची नजर आपोआप स्वयंपाकघराकडं गेली. तिथं कुणी नव्हतं.

मग त्यांनी मोबाईलचं बटण दाबून धरलं. डोळे पुन्हा पेटले.

"विझलं का वो भाऊजी?" ओट्यावरून हाक आली.

"उद्या पाहुणे जाईस्तोवर मी दार लावून घेतो, वहिनी," बद्रीनाथ म्हणाले. "ते जागंच राहील."